आठ वर्षांची कारवी, तीन वर्षांचा प्रकल्प

माननीय वनमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.



कोयनेच्या खोऱ्यात मी ३२ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. सेवापुस्तकात तशीच नोंद आहे. डोंगराच्या हिशेबाने माझी नोकरी चार कारव्यांची झाली. पहिली कारवी फुलली तेव्हा मी खोऱ्यात नवा होतो, मुलंच मला हाताला धरून रानात घेऊन गेली. चौथीच्या वेळी पेन्शनच्या कागदांसाठी पाटणला हेलपाटे चालले होते. मधल्या दोन कशा गेल्या ते मला नीट आठवत नाही, पण त्या साली घरात मधाच्या बरण्या किती भरल्या ते बायकोला बरोबर आठवतं.

कारवी म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. आमच्याकडच्या जुन्या घरांच्या कुडाच्या भिंती तिच्याच काठ्यांच्या. सात-आठ वर्षं ती नुसती वाढते, मग एका पावसाळ्याच्या अखेरीस अख्खा उतार जांभळा करून टाकते, बी धरते आणि मरून जाते. पुढच्या उन्हाळ्यात वाळलेली बोंडं तडतड फुटत असतात, दुपारी रानातून जाताना कुणीतरी मागून चालतंय असं वाटतं. एकेका डोंगराची पाळी वेगळी. फुलोऱ्याच्या साली मोटारी येतात, फोटो निघतात, पेपरात पान येतं. सातेरी आणि आग्या मधमाश्यांचा तर सुकाळ. मला मात्र पहिल्या कारवीपासून एक प्रश्न सतावतो. त्या एका मोसमात वाढलेल्या वसाहतींचं पुढच्या सात वर्षांत काय होतं? काय खाऊन राहतात त्या, किती टिकतात, किती उठून दुसरीकडे जातात? विज्ञानाचा मास्तर म्हणून मुलांनी मला हे विचारलं की मी "अभ्यास चालू आहे" असं सांगायचो. मास्तर लोक असं पुष्कळ सांगतात.

माझं मागणं एका वाक्याचं आहे. एका माणसाला, बाई असो की बुवा, सलग आठ वर्षं कोयनानगरला राहून मधमाश्या आणि गांधीलमाश्या बघण्याचा पगार द्या.

गांधीलमाश्या बघण्याचा पगार, हे वाचून आपल्या कार्यालयात कुणीतरी हसेल. आमच्या शाळेतही हसले होते. आठवी 'ब'च्या खिडकीबाहेर वाशाला एक पोळं लागलं होतं, तळहाताएवढं, कागदासारखं करडं, एका देठावर लोंबणारं. मी म्हटलं, पाडू नका, बघू. पहाटेच्या गारठ्यात या माश्या सुस्त असतात. तेव्हा स्टुलावर चढून काडीच्या टोकाने एकेकीच्या पाठीवर नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा, लाल, हिरवा, गुलाबी, पांढरा. हात न थरथरता हे काम करणारी वर्गात एकच मुलगी निघाली. बाकीचे अंगणातून सूचना द्यायला. मग तिने वही घातली. मधल्या सुट्टीत रोज अर्धा तास. लाल बाहेर गेली, लाल अळी घेऊन आली. गुलाबी पांढरीला चावली. हिरवी बसली आहे. हिरवी बसली आहे. हिरवी अजून बसलीच आहे.

मुलांनी राणी कोण यावर पैज लावली आणि एकजात सगळ्यांनी गुलाबीवर लावली, कारण दांडगाई तिचीच. तिसऱ्या आठवड्यात अंडं घालताना सापडली ती हिरवी. वहीत त्या दिवशी नुसतं "हिरवी!!" एवढंच लिहिलेलं आहे. पुढच्या सोमवारी वार्षिक तपासणी होती, शिपायाने शाळा स्वच्छ केली, पोळं झाडूने गेलं.

आम्ही जे खिडकीतून बघितलं ते बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या राघवेंद्र गदगकरांनी आमच्या कितीतरी आधी शोधून, मोजून, छापून ठेवलं होतं, हे मला खूप उशिरा कळलं. गदगकरांची गोष्ट आपण ऐकावी असं मला फार वाटतं, कारण माझ्या मागणीचं समर्थन त्यात आयतं आहे. त्यांची डॉक्टरेट माश्यांवरची नाही. ती रेण्वीय जीवशास्त्रातली, १९७९ची, म्हणजे तेव्हा ज्याला फार मान होता आणि जिथे नोकरीची ददात नव्हती अशा विषयातली. गांधीलमाश्या हा विद्यार्थिदशेपासूनचा फावल्या वेळचा छंद. १९८३ साली त्याच संस्थेत परिसरविज्ञानाचं केंद्र उभं राहिलं, ते उभारणारे आपले पुण्याचे माधव गाडगीळ. गदगकरांनी छंद हीच नोकरी केली आणि रोपालिडिया मार्जिनाटा या एका जातीच्या गांधीलमाशीमागे ते दशकानुदशकं राहिले. दक्षिण भारतात कुठल्याही छपराखाली सापडते ती ही जात. साधनं म्हणाल तर रंगाचे ठिपके, वही, घड्याळ आणि पोळ्यासमोर बसायला खुर्ची.

१९८३ मध्येच त्यांनी एन. व्ही. जोशींबरोबर निबंध लिहिला. त्यात पोळ्यावरच्या माश्यांचे वागण्यावरून तीन गट पाडले होते, बसणाऱ्या, भांडणाऱ्या आणि फिरणाऱ्या. राणी निघाली ती बसणाऱ्यांपैकी. जगभरच्या शास्त्रज्ञांची समजूत अशी होती की या प्रकारच्या माश्यांत राणी इतरांना मारून-मुटकून राज्य करते. ही आमची घराघरातली गांधील तसं करत नाही. आणि पुढचं तर आणखी मजेशीर. राणी उचलून बाजूला केली की अर्ध्या तासाच्या आत एक कामकरी एकाएकी अंगावर धावून जायला लागते, आणि बाकीच्या तिला विरोध करत नाहीत. वारस आधीच ठरलेला असावा तसं सगळं चालतं. तो वारस कोण हे राणी असताना बघणाऱ्याला ओळखता येत नाही. आठवड्याभरात तीही शांत होते, अंडी घालू लागते, बसणाऱ्यांत जमा होते. (राजकारणातल्या माणसाला मी यावर अधिक काय सांगणार.) २००१ साली हार्वर्डने त्यांचा या एकाच जातीवरचा ग्रंथ छापला. एक माशी, एक माणूस, एक गाव.

हे आपल्या खात्याला का सांगतो आहे? विद्यापीठाला का नाही? कारण भारतात या शास्त्राच्या सुरुवातीच्या कामात वनखात्याची माणसं होती. १८९७ साली 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या मालेत मधमाश्या आणि गांधीलमाश्यांचा जो खंड निघाला, त्याचे लेखक चार्ल्स टॉमस बिंगहॅम हे लष्करातून ब्रह्मदेशच्या वनखात्यात आलेले अधिकारी. आणि आपल्या मुंबई इलाख्यात रॉटन नावाचे वनाधिकारी होते, दौऱ्यावर निघाले की झाडांबरोबर मुंग्या आणि गांधीलमाश्याही गोळा करणारे. १८९२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलात त्यांनी इथल्या मुंग्यांवर लिहिलं. गोळा केलेले किडे ते युरोपातल्या तज्ज्ञांकडे पाठवत, ते त्यांना नावं देत, आणि त्या नावांत रॉटन आजही सापडतात. खानापूरकडच्या गुहेतल्या एका दुर्मीळ वटवाघळाच्या नावातही ते आहेत. तेव्हाच्या वनखात्यात साहेबाला दौऱ्यात बाटली आणि जाळी बाळगायला कुणी अडवत नसावं. एका वनरक्षकाला अशी बाटली आज मिळाली तर तो काय काय आणेल, याची मला कल्पना आहे. त्यांच्यातले काही माझेच विद्यार्थी.

दुसरं कारण नदीचं. महाबळेश्वरला पाच नद्या निघतात, त्यातली एक आमची. तिच्या उगमाशी पन्नासच्या दशकात मधमाश्यांची प्रयोगशाळा निघाली. तिथल्या संशोधनाचे कर्ते डॉ. जी. बी. देवडीकर. हेही मूळचे किड्यांचे नव्हेत, वनस्पतींच्या गुणसूत्रांचे अभ्यासक. माशीकडे ते फुलामार्गे आले. १९५९ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सातेरीची गुणसूत्रं मोजून प्रसिद्ध केली. नरात १६, कामकरी आणि राणीत ३२. नर बिनफळलेल्या अंड्यातून जन्मतो, त्याला बाप नसतो, म्हणून निम्मी. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंही मान वर करायची. पुढे १ नोव्हेंबर १९६२ला पुण्यात खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था उभी राहिली. सत्तरच्या दशकात देवडीकर लिहीत होते की माशीचं खरं मोल मधात नाही, परागीभवनाने वाढणाऱ्या पिकात आहे. महाबळेश्वरला आज मध संचालनालय आहे. शेजारचं मांघर २०२२ साली देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. आनंदच आहे. पण उगमाकडे जे सुरू झालं ते मधाच्या पेटीत मावेल एवढंच खाली आलं. पेटीत राहणारी माशी एक-दोन जातींची. जगात मधमाश्या आणि त्यांच्या भाऊबंदांच्या मिळून २० हजारांहून अधिक जाती आहेत. त्यातल्या बहुतेक एकट्या राहतात, मातीत नाहीतर लाकडात बीळ करतात, विकण्याजोगा मध देत नाहीत. त्यांचं संचालनालय कुठे असणार?

कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत आपण खाल्लं असेलच. वांग्याचं फूल एकदा जवळून बघा. मधले पिवळे पुंकेसर बंद नळ्यांसारखे असतात, टोकाला सुईच्या अग्राएवढं भोक. पराग आत कोंडलेला. सातेरी तिथे हात चोळत बसते. आणि मग भुंगा येतो, नाहीतर निळ्या पट्ट्यांची ती छोटी एकटी माशी. ती फुलाला मिठी मारते, पंख मिटून घेते आणि पंखांचे स्नायू मात्र थरथरवते. उडतानाचा गुंऽऽ बदलून एकदम चढा, चिरका सूर लागतो, शेताच्या बांधावर उभं राहिलं तरी ऐकू येतो. मिठाच्या डबीतून मीठ पडावं तसा पराग तिच्या पोटावर पडतो. शेतकरी सकाळी औषध मारायला निघतो ती वेळ आणि या माशीची वेळ एकच. हे त्याला सांगणारा माणूस कोण?

गांधीलमाशीचं तर नावच बदनाम. आपल्याकडे उंबर फोडून केंबरं काढणं म्हणजे झाकलेली भानगड उघडी करणं. ती केंबरं म्हणजे चिलटाएवढ्या गांधीलमाश्याच. मादी उंबराच्या तोंडातून आत शिरताना पंख मोडून घेते, आतल्या फुलांना पराग देते, अंडी घालते आणि तिथेच मरते. ती नसेल तर उंबराला बी धरत नाही. आपल्या अभयारण्यातले धनेश, माकडं, वटवाघळं उंबरावर किती अवलंबून आहेत हे आपले अधिकारी आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

आता मुद्द्याचं. विद्यापीठ अनुदान आयोगाची संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर ती पाच वर्षं चालते. पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, पुढे ४२ हजार. ही झाली त्यातल्या त्यात लांब मुदत. बाकी बहुतेक प्रकल्प तीन वर्षांचे. पहिल्या वर्षी परवानग्या आणि खरेदी, दुसऱ्या वर्षी काम, तिसऱ्या वर्षी अहवाल. कारवी सात-आठ वर्षांनी फुलते. कुठलाही विद्यार्थी, कितीही हुशार असो, या खोऱ्यात एका कारवीपासून दुसऱ्या कारवीपर्यंत शिष्यवृत्तीवर पोचूच शकत नाही. फुलोऱ्याच्या साली आला तर पुढची सहा-सात सुकी वर्षं बघत नाही. सुक्या साली आला तर फुलोरा बघेलच असं नाही.

ती हात न थरथरणारी मुलगी याच गणितात अडकली. कोल्हापूरला शिकली, एम.एस्सी. झाली, एका संस्थेच्या प्रकल्पावर लागली. विषय असाच होता, फुलोरा आणि माश्या. तीन वर्षं ती सुक्या कारवीखाली हिंडली. दर महिन्याला त्याच दहा झाडांवरची आग्या पोळी मोजायची, त्याच बांधावरची बिळं मोजायची. मुदत संपली, अहवाल गेला, वाढ मिळाली नाही. पुढच्याच पावसाळ्यात तो डोंगर फुलला. आज ती एका कीटकनाशकाच्या कंपनीत विभागीय प्रतिनिधी आहे, पगार चांगला आहे, गाडी आहे. मला भेटली की म्हणते, "सर, किड्यांचंच काम आहे." आणि हसते. ते हसू मला सहन होत नाही, पण तिला दोष कसा द्यायचा? कीटकशास्त्र शिकलेल्याला आपल्याकडे पोटापाण्याला लावणारा बाजार बराचसा किडे मारण्याचाच आहे.

लांब मुदतीचं काम सरकारला जमत नाही असं मात्र कुणी कोयनानगरमध्ये म्हणू नये. ११ डिसेंबर १९६७ची पहाट इथल्या म्हाताऱ्यांना अजून तोंडपाठ आहे. भूकंपात पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. तेव्हापासून या खोऱ्यात जमिनीचा एकेक हुंदका नोंदवला जातो. गोठण्याला तर जमिनीत ३ किलोमीटर खोल भोक पाडलं आहे, खडक आतून काय बोलतो ते ऐकायला. सलग इतकी वर्षं नोंदी आहेत म्हणून जगातले भूकंपशास्त्रज्ञ कोयनेला येतात. प्रकल्पाची तीन वर्षं झाली, यंत्र उचला, असं त्यांना कुणी सांगितलं का? धरणाला धोका असतो तेव्हा आपण सलग ऐकतो. माशीचा आवाज बारीक, एवढाच फरक.

आणि सलग बघितलं तर काय कळतं ते जर्मनीत दिसलं आहे. क्रेफेल्ड शहरातल्या हौशी कीटकप्रेमींच्या मंडळाने राखीव क्षेत्रांमध्ये तंबूसारखे सापळे लावले, त्यात पडलेले उडते किडे बाटल्यांत घालून वजन करून ठेवले. १९८९ ते २०१६, २७ वर्षं. हिशेब झाला तेव्हा किड्यांचं वजन तीन चतुर्थांशाहून जास्त घटलेलं निघालं. तेही संरक्षित क्षेत्रांत!  बाटल्या नसत्या तर कुणाला पत्ताही लागला नसता. आपल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचं क्षेत्र ११६५ चौरस किलोमीटर आहे. ताडोब्याहून वाघीण आणली, फार चांगलं केलं, मी स्वतः पेपरातला फोटो कापून ठेवला आहे. तिच्याच रानात एक तंबू, एक टेबल आणि बाटल्यांचं एक कपाट असू द्या.

खर्चाचं सांगतो. आठ वर्षांचा एका माणसाचा पगार, वरच्या शिष्यवृत्तीच्या दराने, ४० लाखांच्या आसपास. राहायला कोयनानगरच्या कॉलनीतली एखादी रिकामी खोली चालेल, छपराखाली गांधीलमाश्या आधीपासून असतील तर आणखी बरं. मदतीला दोन स्थानिक पोरं, ज्यांना आग्याचं पोळं कुठल्या कड्यावर बसतं हे नकाशाशिवाय माहीत आहे. रानात जायची परवानगी दर वर्षी नव्याने मागावी लागू नये, तीही आठ वर्षांची एकदाच द्यावी. परीक्षा घ्या, मुलाखत घ्या, काय करायचं ते करा, पण निवडताना उमेदवाराला एका पोळ्यासमोर दोन तास खुर्चीवर बसवा आणि फोन बाहेर ठेवायला सांगा. तिथेच निम्मे गळतील.

पहिल्या तीन वर्षांत काही छापून आलं नाही तर रागावू नका. गदगकरांनाही राणीचा वारस एका दिवसात सापडला नाही.

आपण इकडे आलात तर विश्रामगृहावर न थांबता दहा मिनिटं शाळेकडे या. आठवी 'ब'च्या त्याच वाशाला यंदा पुन्हा पोळं लागलं आहे. नव्या शिपायाला मी आधीच चहा पाजून ठेवला आहे.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
कोयनानगर, ता. पाटण, जि. सातारा

ता. क. पत्रावर माझा शिक्का नाही याबद्दल क्षमस्व. शिक्का लाकडी कपाटात आहे. त्या कपाटाच्या किल्लीच्या भोकात गेल्या गुरुवारी एका कुंभारीण गांधीलमाशीने ओल्या मातीच्या गोळ्या आणायला सुरुवात केली. दुपारपर्यंत तिने आत बधिर केलेल्या अळ्या भरल्या, संध्याकाळी तोंड लिंपून टाकलं. आतलं पिल्लू बाहेर पडेपर्यंत किल्ली घालता येणार नाही. बायको म्हणते भोक कोरून काढा. मी तिला तारीख लिहून ठेवायला सांगितली आहे.